भंडाऱ्यातली ती हार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची निवडणूक लढले आणि हरले, हे माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींना माहीतच नाही. मला तर त्यांच्या मोठमोठ्या पदव्यांपेक्षा ही हारच जास्त शिकवून जाते.

१८९१ साली महूला जन्मलेले बाबासाहेब अमेरिकेत आणि लंडनला अर्थशास्त्र शिकले. पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. मुलीला मालमत्तेत वाटा, बाईला घटस्फोटाचा हक्क मिळावा म्हणून हिंदू कोड बिलासाठी झटले. ते रखडलं, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदच सोडलं. खुर्ची सांभाळून गप्प बसणं काही त्यांना जमलं नाही.

त्या काळी काही मतदारसंघांत दोन जागा असत, एक राखीव आणि एक सर्वसाधारण. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नसत. काही जण दुसरं मत मुद्दाम वाया घालवत. त्याला म्हणायचे मत कुजवणं. १९५२ मध्ये बाबासाहेब मुंबईत हरले, तेव्हा अशी मतं कुजवली गेल्याची तक्रार घेऊन ते आणि अशोक मेहता दाद मागायला गेले होते. ती मिळाली नाही.

१९५४ मध्ये भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे होते, दुसरीसाठी मेहता. आपल्या माणसांनी दुसरं मत कुजवावं, असं कार्यकर्त्यांनी सुचवलं आणि बाबासाहेबांनी ते साफ नाकारलं, असं सांगतात. मी नियम बघितला, तर कार्यकर्त्यांचा हिशेब काही वेडा नव्हता. आधी राखीव जागा ठरायची. मग उरलेल्यांत ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याला दुसरी जागा, तो कुठल्याही समाजाचा असो. म्हणजे मेहतांची मतं घटली असती, तर राखीव जागा हुकूनही बाबासाहेबांना संधी होती. निकालात मेहता जिंकले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांवर मतांनी हरले.

समोरचा काय करील ते ओळखून आपली चाल ठरवायची, यावर अर्थशास्त्रात एक अख्खी शाखा आहे, खेळ सिद्धांत. त्यातली एक गोष्ट आपल्याला बचतगटातूनच कळते. माझा एक हप्ता बुडाला तर काय बिघडतं, असं एकीनं म्हटलं तर तिचा फायदा. सगळ्याच तसं म्हणाल्या, की गट बुडतो. मताचंही तसंच आहे. ज्यानं प्रत्येकाच्या हातात मत दिलं, त्यानंच ते कुजवायला सांगितलं, तर उद्या त्याची किंमत कोण ठेवणार? शिवाय सोबत्याला पाडून स्वतः चढायचं, ते वेगळंच.

लोकसभेची निवडणूक कधीही न जिंकता बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. त्याच वर्षी हिंदू वारसा कायदा झाला होता. वडिलांच्या मालमत्तेत आज आपलं नाव लागतं, त्यात या हरलेल्या उमेदवाराचा वाटा आहे.