आधी विद्यार्थी, मग आचार्य : धर्मानंद कोसंबी

विहारातल्या रविवारच्या वर्गात आपले अनेक तरुण मुलांना पाली गाथा शिकवतात. त्या प्रत्येकाने धर्मानंद कोसंबींचे जीवन समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण फारसे लाभले नाही. पण बुद्धाचा धम्म मुळातून समजून घेण्याच्या ध्यासाने त्यांनी घर सोडले. काशीत ते संस्कृत शिकले. १९०२ मध्ये श्रीलंकेच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात राहून ध्यानसाधनाही केली.

एवढी तयारी झाल्यावरच ते शिक्षक झाले. कलकत्त्यानंतर १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट पुढे स्वतः पालीचे नामवंत अभ्यासक झाले.

धर्मानंद वर्गापुरते थांबले नाहीत. सामान्य मराठी वाचकासाठी त्यांनी सोप्या भाषेत 'भगवान बुद्ध' लिहिले. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला. हार्वर्डच्या विद्वानांसोबत काम करणारा हा माणूस कामगारांनाही आपला वाटला. १९४७ साली सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले.

विषयाचे सखोल ज्ञान आणि ते समोरच्याच्या भाषेत पोहोचवण्याची हातोटी, शिक्षकाला दोन्ही हवे. गाथा नुसती पाठ करून घेतली तर मूल ती म्हणेल, पण धम्म त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. म्हणून पुढच्या रविवारी गाथेआधी तिचा अर्थ सांगूया. त्यासाठी आधी आपण तो शिकूया.