जपानमध्ये विसावलेला प्रवासी

प्रवासवर्णनाची परंपरा जपानला नवी नाही. कवी मात्सुओ बाशो यांनी १६८९ मध्ये एदो, म्हणजे आजचे टोकियो, सोडून उत्तरेकडील दुर्गम प्रांतांची वाट धरली. गद्य आणि हायकू यांची गुंफण असलेला त्यांचा ग्रंथ आजही जपानी वाङ्मयाचे भूषण मानला जातो. एकोणिसाव्या शतकात देशाची दारे उघडली आणि परदेशी लेखकही येऊ लागले. इंग्रज प्रवासिनी इसाबेला बर्ड १८७८ मध्ये थेट होक्काइदोपर्यंत जाऊन आल्या. बहुतेक परदेशी पाहुणे आले, त्यांनी पाहिले, लिहिले आणि ते परतले. लाफ्काडिओ हर्न मात्र परतले नाहीत.

हर्न यांचा जन्म २७ जून १८५० रोजी लेफ्काडा या ग्रीक बेटावर झाला. वडील ब्रिटिश सैन्यातील आयरिश शल्यचिकित्सक, आई ग्रीक. दोन वर्षांच्या लाफ्काडिओला डब्लिनला आणण्यात आले. परक्या हवेत आईचे मन रमले नाही. ती मायदेशी गेली आणि माय-लेकांची पुन्हा कधीच भेट झाली नाही. वडिलांच्या मावशीने मुलाला वाढवले. शाळेत खेळताना सोळाव्या वर्षी डावा डोळा गेला. पुढे छायाचित्र काढताना ते नेहमी चेहऱ्याची ती बाजू लपवीत.

एकोणिसाव्या वर्षी नातलगांनी त्यांची रवानगी अमेरिकेत केली. सिनसिनाटीत उपासमार सोसून ते वार्ताहर झाले. गुलामगिरीत जन्मलेल्या एका मिश्रवंशीय स्त्रीशी त्यांनी विवाह केला. ओहायो राज्याच्या कायद्याला असा विवाह मान्य नव्हता. त्याचा गवगवा होताच नोकरी गेली. विवाहही टिकला नाही. त्यानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये दहा वर्षे आणि मार्टिनिक बेटावर दोन वर्षे काढून एप्रिल १८९० मध्ये ते योकोहामा बंदरात उतरले. अमेरिकी मासिकासाठी लेख लिहिण्याचे काम होते. सोबतच्या चित्रकाराला आपल्यापेक्षा अधिक मोबदला मिळतो, हे कळताच त्यांनी करार मोडला.

पोटापाण्यासाठी त्यांनी मात्सुए या आडबाजूच्या शहरात इंग्रजी शिक्षकाची नोकरी पत्करली. तेथे ते जेमतेम पंधरा महिने राहिले. परंतु आयुष्याला वळण मिळाले ते तेथेच. इझुमोच्या प्राचीन मंदिराच्या अंतर्भागात त्यांना प्रवेश मिळाला. विपन्नावस्थेला आलेल्या सामुराई घराण्यातील कोइझुमी सेत्सू त्यांच्या जीवनसाथी झाल्या. हर्न यांना जपानी ग्रंथ वाचता येत नसत आणि सेत्सूंना इंग्रजी येत नसे. दोघांनी मोडक्यातोडक्या जपानीची एक घरगुती बोली तयार केली.

त्या बोलीतच त्यांचे लेखन आकाराला आले. सेत्सू जुन्या कथा आधी वाचून ठेवीत आणि रात्री दिव्याची वात बारीक करून सांगत. पुस्तकातून वाचून दाखवलेले हर्न यांना चालत नसे. कथा सेत्सूंच्या स्वतःच्या शब्दांतच हवी असे. आंधळा बिवावादक होइची याची कथा अशाच कथनातून ‘क्वाइदान’ या संग्रहात आली. लेखणी परदेशी माणसाची होती, तर स्मृती आणि स्वर एका जपानी स्त्रीचा. पुस्तकावर नाव मात्र एकट्या हर्न यांचेच राहिले.

कुमामोतो आणि कोबे येथे त्यांना आधुनिक, लष्करी बळाची आस धरलेला जपान दिसला आणि सुरुवातीची मोहिनी ओसरू लागली. तरीही १८९६ मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व स्वीकारून कोइझुमी याकुमो हे नाव घेतले. त्यामागे केवळ भावना नव्हती. ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी म्हणून नोंद झाली असती, तर सेत्सू आणि मुलाचे नागरिकत्व व वारसाहक्क धोक्यात आले असते. स्वतः आईला मुकलेल्या माणसाने आपल्या मुलाचे घर सुरक्षित केले.

त्याच वर्षी ते टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे अध्यापक झाले. १९०३ मध्ये विद्यार्थ्यांचा विरोध असतानाही त्यांना ते पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आले ते पुढे थोर कादंबरीकार म्हणून गाजलेले नात्सुमे सोसेकी. २६ सप्टेंबर १९०४ रोजी, चौपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने हर्न यांचे निधन झाले. टोकियोतील झोशिगाया स्मशानभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत.

त्यांनी जपानचे चित्र अतिरम्य रंगवले, कारखान्यांच्या जपानकडे पाठ फिरवली, हा आक्षेप निराधार नाही. पण इंग्रजीत लिहिलेल्या त्यांच्या कथा जपानी भाषांतरातून पुन्हा मायदेशी परतल्या आणि तेथील मुले त्या वाचत मोठी झाली. मासाकी कोबायाशी यांनी १९६४ मध्ये त्यांवर चित्रपट काढला. २०२५ मध्ये एनएचके या जपानी वाहिनीने सेत्सूंच्या जीवनावर आधारित मालिका सुरू केली आणि त्या कथा सांगणारी स्त्री एका शतकानंतर घरोघरी पोहोचली.