पाढे पाठ करणारा साहेब

जुलै १६६२. लंडनमधला एकोणतीस वर्षांचा एक सरकारी अधिकारी पहाटे चारला उठून पाढे पाठ करतोय. माणूस केंब्रिजचा पदवीधर, लॅटिन चोख, गाण्याबजावण्यात रस. पण गुणाकार म्हटलं की विकेट पडते! आणि खातं कुठलं सांभाळतोय, तर इंग्लंडच्या आरमाराच्या खरेदीचं.

हा सॅम्युएल पीप्स. त्याच्या रोजनिशीमुळे जग त्याला ओळखतं. लंडनची प्लेगची साथ, १६६६ ची मोठी आग, सगळं त्यात आहे. आपल्याला मात्र बघायचाय तो त्याआधीचा पीप्स, नोकरी मिळालेला पण काम न येणारा.

१६३३ मध्ये एका शिंप्याच्या घरी त्याचा जन्म झाला. नात्यातले एडवर्ड माँटेग्यू आरमारात मोठ्या हुद्द्यावर होते. १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स परत गादीवर आला, माँटेग्यूंचं वजन वाढलं आणि पीप्सला नेव्ही बोर्डात वर्षाला साडेतीनशे पौंडांची जागा मिळाली. सरळ सरळ वशिला. त्याच्या बरोबरचे लोक लढाया बघितलेले, गोद्यांमध्ये केस पांढरे केलेले. याला मात्र जहाजाच्या कुठल्या भागाला काय म्हणतात, तेही धड माहीत नव्हतं.

दुसरा कुणी असता तर सह्या करत, पगार घेत बसला असता. पीप्सने मास्तर शोधला. कूपर नावाचा एक खलाशी रोज त्याला आधी गणित शिकवायचा, मग जहाज. आणि जहाज शिकायचं कशावर? तर ऑफिसात ठेवलेल्या लाकडी मॉडेलवर. कणा कुठला, फासळ्या कशा बसतात, डोलकाठीला दोर कुठून कुठे जातो, हे सगळं टेबलाशी उभं राहून, बोट लावून.

ही मॉडेलं म्हणजे शोकेसमधली शोभेची जहाजं नव्हेत. नेव्ही बोर्ड मॉडेल म्हणून आज जी ओळखली जातात, त्यांत साधारणपणे पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८, असं प्रमाण असायचं. गंमत म्हणजे पाण्याखालच्या भागावर बहुतेकदा फळ्या मारतच नसत. सांगाडा उघडाच. एकेक फासळी मोजून घ्या! वरच्या बाजूला मात्र नक्षीकाम, सोन्याचा मुलामा, तोफांच्या खिडक्या, सगळा थाट. जहाजबांधणीचे नकाशे सगळ्यांनाच वाचता येत नसत. मॉडेल कुणालाही समजायचं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वुलिचच्या गोदीतला एक तरुण कारागीर, अँथनी डीन, पीप्सला जंगलात घेऊन गेला. उभी झाडं, तोडलेले ओंडके दाखवत त्याने समजावलं, की लाकडाच्या मापात सरकारला कसं लुबाडलं जातं. पाढ्यांचा उपयोग इथे कळला. यापुढे ठेकेदाराने माप सांगायचं आणि साहेबाने मान डोलवायची, असं चालणार नव्हतं.

सप्टेंबरअखेर डीनने कबूल केल्याप्रमाणे एक मॉडेल घरी पाठवलं. ते इतकं देखणं, की पीप्स खूशही झाला आणि संकोचलाही. आपण एवढे मोठे नाही, असं वाटलं. मात्र या उपकाराची फेड करायची, हेही त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं. दोन वर्षांनी डीन हार्विचच्या गोदीचा मुख्य जहाजबांधणीकार झाला, पीप्सच्याच पाठिंब्यावर.

आता ही भेट की लाच? पीप्स भेटी घ्यायचा, पैसेही घ्यायचा, आणि बायकांशी त्याचं वागणं तर रोजनिशी वाचताना चीड आणणारं आहे. त्याला साधुपुरुष करण्यात अर्थ नाही. पण या बाबतीत माणूस त्याने अचूक हेरला होता. जहाज पाण्यात उतरवण्याआधीच ते किती बुडेल, याचा हिशेब डीन करून दाखवायचा. १६७० मध्ये पीप्सच्या सांगण्यावरून त्याने जहाजबांधणीवर एक ग्रंथही लिहिला.

कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं यांतला फरक पीप्सला आपल्या मुंबईनेही दाखवला बरं का. पोर्तुगीजांनी आंदण दिलेली मुंबई नकाशात शेजारच्या बेटांसकट सलग जमीन म्हणून दाखवली होती. माणसं पोचली तर हाती एक लहानसं बेट. हा किस्सा १६६३ च्या रोजनिशीत आहे.

पुढे पीप्स आरमाराचा सचिव झाला. १६७७ मध्ये त्याने लेफ्टनंट होण्यासाठी परीक्षा सक्तीची केली. वशिल्याने आलेल्या माणसाने! त्यामुळे शत्रूही वाढले. १६७९ मध्ये फ्रान्सला गुपितं विकल्याच्या आरोपावरून तो आणि डीन, दोघेही टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद झाले. आरोप टिकले नाहीत, दोघेही सुटले. १६८४ मध्ये पीप्स पुन्हा सचिव झाला, त्याच वर्षी रॉयल सोसायटीचा अध्यक्षही. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या मुखपृष्ठावर परवानगी देणारं नाव त्याचंच.

१७०३ मध्ये तो वारला. सुमारे तीन हजार पुस्तकं, त्यांत डीनचा तो ग्रंथही, केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात त्याच्याच कपाटांत आजही आहेत. मॉडेलं त्याने विल्यम ह्यूअर या जुन्या सहकाऱ्याला दिली आणि पुढे त्यांचा माग लागत नाही. याच खुर्चीवर नंतर बसलेल्या चार्ल्स सर्जिसनने जमवलेली मॉडेलं मात्र टिकली. ती आता अमेरिकेत अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत आहेत, आणि घरी बसून जुन्या जहाजांची मॉडेलं करणारे हौशी लोक आजही त्यांच्यासारखा खालचा सांगाडा उघडा ठेवतात.