रक्तातून जाणारा निरोप

आपण घास गिळतो आणि लगेच त्याला विसरून जातो. पुढे तो जठरातून लहान आतड्यात उतरतो, तोच त्याच्या पचनासाठी स्वादुपिंडातून रस झरू लागतो. अन्न आल्याची वर्दी स्वादुपिंडाला कोण देते? हे कोडे सोडविणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे अर्नेस्ट स्टार्लिंग.

त्यांचा जन्म १७ एप्रिल १८६६ रोजी लंडन येथे झाला. वडील बॅरिस्टर असून नोकरीनिमित्त मुंबईस राहत. त्यामुळे मुलांच्या संगोपनाचा भार आईवरच पडला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन स्टार्लिंग १८९९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे विल्यम बेलिस हे त्यांचे सहकारी होते. ते त्यांचे मेहुणेही होते. स्टार्लिंग उतावळे, तर बेलिस शांत. तरीही दोघांचे उत्तम जुळे.

ही वर्दी मज्जातंतूच पोहोचवितात, असे रशियातील थोर शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचे मत होते. १६ जानेवारी १९०२ रोजी या दोघांनी ते पडताळून पाहिले. भूल दिलेल्या एका कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सर्व मज्जातंतू त्यांनी तोडले. रक्तवाहिन्या मात्र तशाच ठेवल्या. मग त्या भागात आम्ल सोडले. काय आश्चर्य! स्वादुपिंडातून रस वाहू लागला. म्हणजे निरोप रक्तातूनच जात असला पाहिजे! स्टार्लिंग यांनी तत्काळ आतड्याचे आतील अस्तर खरवडले, वाळू व आम्ल घालून ते घोटले आणि गाळलेला अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. थोड्याच वेळात रस पुन्हा झरू लागला. त्या अर्कातील द्रव्यास त्यांनी ‘सिक्रीटिन’ हे नाव दिले.

पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत हाच प्रयोग पुन्हा करण्यात आला. निष्कर्ष तोच निघाला आणि त्या थोर पुरुषाने तो मोकळ्या मनाने मान्य केला.

रक्तातून निरोप नेणाऱ्या अशा द्रव्यांसाठी १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द योजला. मराठीत त्यांना संप्रेरके म्हणतात.

नोबेल पारितोषिक स्टार्लिंग यांना कधीच लाभले नाही. २ मे १९२७ रोजी जमैका बेटानजीक बोटीवर त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, स्निग्ध अन्न आतड्यात येताच पित्ताशयाला आकुंचन पावावयास लावून पित्त सोडविणारे दुसरे संप्रेरक अमेरिकेत सापडले. ते पाहण्यास स्टार्लिंग नव्हते. पण त्यांनी दाखविलेली वाट मात्र होती. कितीही मोठ्या माणसाचे मत असो, ते प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहावे, हीच ती वाट.