नाताळची धून

जॉन फिलिप सूझा यांचा जन्म १८५४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे झाला. त्यांचे वडील मरीन सैनिकांच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत. तेराव्या वर्षी जॉन सर्कसच्या बँडबरोबर पळून जाणार होता. हे कळताच वडिलांनी त्याला आपल्याच बँडमध्ये शिकाऊ म्हणून भरती केले. पुढे १८८० साली सूझा त्याच बँडचे प्रमुख झाले. १८९२ साली त्यांनी स्वतःचा बँड काढला.

सैनिकांच्या पावलांना ताल देणारी धून म्हणजे मार्च. १८९६ साली सूझा सुट्टीसाठी युरोपात असताना त्यांच्या बँडचे व्यवस्थापक वारले. बोटीने परतताना सूझांच्या मनात एक मार्च घुमू लागला. नाताळच्या दिवशी त्यांनी तो लिहून काढला. १९३२ साली रेडिंग शहरातील बँडची तालीम घेताना त्यांनी शेवटी तोच मार्च वाजवून घेतला. त्याच रात्री त्यांचे निधन झाले. १९८७ साली तो अमेरिकेचा राष्ट्रीय मार्च ठरला.