हिशेब उघडा ठेवणारा दिवाण : राजा सर टी. माधवराव

कुंभकोणम हे नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या कानावर पडते ते गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्यामुळे. काही वर्षांपूर्वी तंजावरचा सरस्वती महाल पाहून आम्ही चार शिक्षिका त्या गावी उतरलो, तेव्हा मलाही याहून अधिक काही ठाऊक नव्हते. महामहम तलावाच्या पायऱ्यांवर आमचे बोलणे ऐकून एका वृद्ध गृहस्थांनी मराठीतच विचारपूस केली. त्यांचे मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखे होते. कावेरीकाठच्या त्या मुलखात व्यंकोजीराजांच्या काळापासून मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य त्या क्षणी मला प्रथमच खरे वाटले. त्याच गृहस्थांच्या तोंडून मी माधवरावांचे नाव ऐकले. परतल्यावर त्यांच्याविषयी जे वाचले, ते शाळेच्या या हीरक महोत्सवी अंकात मांडण्याचे कारण एवढेच की ते आधी शिक्षक होते आणि दिवाण झाल्यावरही त्यांची शिक्षकी सुटली नाही.

माधवरावांचा जन्म 20 नोव्हेंबर 1828 रोजी कुंभकोणम येथे एका देशस्थ ब्राह्मण घराण्यात झाला. नावाआधीचे 'टी' हे अक्षर तंजावरचे. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोर संस्थानाचे दिवाणपद भूषविले होते. शिक्षण मद्रासच्या हायस्कुलात, पॉवेल या नामांकित मुख्याध्यापकांच्या हाताखाली झाले. गणित आणि खगोलशास्त्र हे त्यांचे आवडीचे विषय. काही काळ त्यांनी त्याच शाळेत गणित शिकविलेही. पुढे मद्रासच्या महालेखापालांच्या कचेरीत नोकरी धरली. सरकारी पैसा कोठून येतो, कोणत्या खात्यात पडतो आणि वाटेत कोठे झिरपतो, हे ज्ञान त्यांना तेथे मिळाले असावे, असे मला वाटते. 1849 मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. चार वर्षांनी ते संस्थानाच्या मुलकी खात्यात गेले आणि दक्षिण विभागाचे दिवाण पेशकार झाले.

त्या वेळी त्रावणकोरची अवस्था बिकट होती. खजिना रिकामा, नोकरांचे पगार थकलेले, ब्रिटिश सरकारचे देणे डोक्यावर; पद्मनाभस्वामींच्या भांडारातूनही रक्कम उसनी घेतलेली. डलहौसीने संस्थान खालसा करण्याची धमकीच दिली होती. अशा वेळी, 1857 च्या अखेरीस दिवाण कृष्णराव वारले आणि एकोणतिशीतल्या माधवरावांच्या हाती कारभार आला.

त्यांनी पहिला हात घातला तो मक्तेदारीला. मिरी पिकवावी शेतकऱ्याने आणि विकावी मात्र सरकारलाच, तीही सरकार ठरवील त्या भावाने, अशी तेव्हाची रीत होती. 1860 मध्ये त्यांनी ही मक्तेदारी उठविली आणि तिच्या जागी निर्यातीवर जकात बसविली. पुढे तीही टप्प्याटप्प्याने उतरविली. 1863 मध्ये तंबाखूची मक्तेदारी गेली. तंबाखू हे तर संस्थानाच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. ते सोडून देण्यास धाडस लागते. दर उतरला की व्यापार वाढतो, चोरटी आयात थांबते आणि थोड्या दराने अधिक मालावर मिळालेली जकात खजिन्याला पुरते, हे गणित त्यांनी मांडले व ते खरे ठरले. जुनी कर्जे फिटली. 1865 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान, त्रावणकोर आणि कोचीन यांच्यात करार होऊन सरहद्दीवरील बहुतेक जकाती उठल्या. या कराराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच्या अटींप्रमाणे संस्थानाला मिठाचा भाव ब्रिटिश मुलखाच्या बरोबरीस आणावा लागला. मालाची वाट मोकळी झाली, पण गरिबाच्या चुलीवरचे मीठ महागले. माधवरावांच्या चरित्रांत हा मुद्दा सहसा एका ओळीत उरकला जातो.

मला स्वतःला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते 1865 चाच जमिनीविषयीचा जाहीरनामा. सरकारी जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळे तोवर केवळ सरकारच्या मर्जीवर होती. ती जमीन त्यांच्या मालकीची झाली; विकता येऊ लागली, गहाण ठेवता येऊ लागली, मुलांच्या नावे करता येऊ लागली. दोन वर्षांनी दुसऱ्या जाहीरनाम्याने खाजगी जमीनदारांच्या, म्हणजे जन्मींच्या कुळांनाही, खंड भरीत असेपर्यंत जमिनीवरून काढता येणार नाही, असे संरक्षण मिळाले. आपल्याकडे कूळकायदा 1948 चा, हे लक्षात घेतले म्हणजे या तारखांचे मोल कळते.

उरलेल्या पैशातून रस्ते, पूल, कालवे झाले. वर्कलाच्या डोंगरातून जलमार्गासाठी बोगदा खणण्यास आरंभ झाला. देशी भाषांतील शाळांसाठी खाते निघाले. तिरुवनंतपुरम येथे हुजूर कचेरीची भव्य इमारत 1869 मध्ये उभी राहिली. शिवाय दर वर्षाचा कारभार कसा चालला, किती आले, किती गेले, याचा अहवाल ते छापून काढीत. संस्थानी कारभारात ही नवलाची गोष्ट होती. आमच्या शाळेचे वेतनेतर अनुदान उशिरा येते तेव्हा कोणत्या टेबलावर ते अडले आहे, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून त्या छापील अहवालांचे मला विशेष अप्रूप वाटते.

पण याच कारकिर्दीत एक प्रसंग असा आहे की तेथे या हिशेबी माणसाचा हात आखडला. दक्षिण त्रावणकोरात शाणार, म्हणजे आजच्या नाडार, समाजातील स्त्रियांना उच्चवर्णीयांसमोर ऊर झाकण्यास मनाई होती. ती त्यांनी झुगारली तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले, घरे जाळली गेली. माधवरावांनी 1858 च्या डिसेंबरात काढलेल्या फर्मानात शांतता राखण्यास बजावले, पण जुनी रूढी मोडू नये असेही सांगितले. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांचा दाब आला तेव्हा कोठे जुलै 1859 मध्ये परवानगी मिळाली, आणि तीही अर्धीमुर्धी, उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेऊ नये या अटीसह. मिरीची मक्तेदारी ज्याला अन्यायाची वाटली, त्याला ही मक्तेदारी का दिसली नसावी, हा प्रश्न मी आमच्या नववीच्या वर्गात विचारला होता. एका मुलीने उत्तर दिले की मिरीने खजिना भरत होता, पदराने भरणार नव्हता. मी तिला खोडून काढू शकले नाही.

1872 मध्ये महाराजांशी बिनसून त्यांनी त्रावणकोर सोडले. पुढे सुमारे दोन वर्षे ते इंदूरला तुकोजीराव होळकरांचे दिवाण होते. तेथून त्यांना बोलावणे आले ते बडोद्याचे.

बडोदे तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात गाजत होते. मल्हारराव गायकवाड यांच्या कारभारात सुधारणा करण्याचा प्रयत्न दादाभाई नौरोजी यांनी दिवाण म्हणून करून पाहिला होता आणि 1875 च्या आरंभी ते राजीनामा देऊन मोकळे झाले होते. एप्रिलात मल्हारराव पदच्युत झाले. मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या बारा वर्षांच्या गोपाळरावाला दत्तक घेतले. हेच पुढचे सयाजीराव महाराज. राजा लहान, म्हणून राज्याची सर्व सूत्रे माधवरावांकडे आली.

येथील रोग निराळा होता. महालाचा वसूल इजाऱ्याने दिला जाई. इजारदार सावकाराकडून पैसे काढून सरकारात भरी आणि मग रयतेकडून सव्याज वसूल करी. पुढच्या साली इजारा दुसऱ्याकडे जाणार असे, म्हणून जमिनीची वा विहिरीची काळजी घेण्याचे त्याला काहीच कारण नसे. अधिकाराच्या जागांसाठी नजराणे घेतले जात आणि जो नजराणा देई तो तो दुसऱ्या वाटेने वसूल करी. माधवरावांनी इजाऱ्याची पद्धत मोडली. राज्याचे चार प्रांत, प्रांतावर सुभा, महालावर वहिवाटदार, आणि सर्वांना नेमका पगार, अशी घडी त्यांनी बसविली. राजवाड्याचा खर्च आणि राज्याचा खर्च यांत भिंत घातली. न्यायखाते वेगळे केले, पोलीस, शाळा, दवाखाने यांना नियमित रकमा दिल्या. थकलेले सरदार आणि रुसलेले सावकार यांच्या देण्याघेण्याचा निकाल लावण्यात त्यांची कितीतरी वर्षे गेली. त्या तपशिलात येथे शिरत नाही. 1877 च्या दिल्ली दरबारात त्यांना राजा हा किताब मिळाला. सर ही पदवी त्रावणकोरातच मिळाली होती.

1881 मध्ये, सयाजीरावांना अधिकार मिळण्याच्या आधी, त्यांनी आणि इतर अधिकाऱ्यांनी तरुण महाराजांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती पुढे मायनर हिंट्स या नावाने छापली गेली. विषय साधे आहेत : प्रजेचे सुख हेच राजाचे काम, स्वतःची लहर आणि राज्याचा नियम एक समजू नये, न्यायाधीशाच्या कामात हात घालू नये, खर्च उत्पन्नात बसवावा. तिशीपूर्वी राजपुत्रांना शिकविणारा माणूस पन्नाशीनंतर पुन्हा त्याच खुर्चीत बसला होता. अधिकार हाती आल्यावर शिष्याला गुरूची सावली जड वाटू लागली आणि 1882 मध्ये माधवरावांनी बडोदे सोडले.

त्याच वर्षी 18 मे रोजी लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव निघाला. गावाचा पैसा गावाने निवडलेल्या माणसांनी खर्चावा, हा विचार त्यात होता. माधवरावांच्या सुधारणांत नेमके हेच नव्हते. त्यांनी रयतेला जमीन दिली, हलका कर दिला, स्वच्छ हिशेब दिला. तो हिशेब तपासण्याचा अधिकार मात्र तिला दिला नाही. प्रजा अजून तयार नाही, असे त्यांना वाटत असावे. शिक्षकांना हा मोह नेहमीच होतो, आणि हे मी स्वतःला वगळून लिहीत नाही. बडोद्यात ग्रामपंचायती आणि लोकल बोर्डे यांचे काम पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या शिष्याने केले, आणि 1906 मध्ये राज्यभर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षणही.

निवृत्तीनंतर माधवराव मद्रासला राहिले. मलबारच्या कूळपद्धतीची चौकशी करणाऱ्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. वर्तमानपत्रांतून टोपणनावाने लिहीत. 1887 मध्ये काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते; पण कायदेमंडळांच्या रचनेवरून मतभेद होऊन ते लवकरच दूर झाले. त्यांचे चुलतबंधू रघुनाथराव, जे इंदूरचे दिवाण होते, ते मात्र सामाजिक सुधारणेच्या बाबतीत त्यांच्यापेक्षा बरेच पुढे गेले आणि विधवाविवाहाचे कैवारी झाले.

1891 च्या जानेवारीत त्रावणकोरच्या हजारो रहिवाशांनी महाराजांना अर्ज केला. बाहेरून आलेल्या ब्राह्मण अधिकाऱ्यांनी मोठ्या जागा अडविल्या आहेत, त्या आम्हाला द्या, असा त्याचा आशय होता. माधवरावांचे घराणे अशाच बाहेरच्यांपैकी होते. तीन महिन्यांनी, 4 एप्रिल 1891 रोजी, त्यांचे निधन झाले.

तिरुवनंतपुरमला त्यांनी उभारलेली ती कचेरी आज केरळचे सचिवालय आहे. तिच्या समोरच्या चौकात त्यांचा पुतळा आहे. त्या चौकाला लोक नुसते स्टॅच्यू म्हणतात, बसचा थांबाही त्याच नावाचा आहे, आणि सचिवालयावर येणारे मोर्चे त्या पुतळ्याच्या नजरेसमोरच थांबतात.