पंडिता रमाबाईंनी पुन्हा मराठी बायबल का केलं?

बारामती आणि इंदापूरला लागूनच दौंड तालुका. तिथल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं.

1858 साली जन्मलेल्या रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण चर्च सांगेल ते सगळं मानायला त्या तयार नव्हत्या. ज्या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या, त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशीच त्यांचा पत्रांतून जोरदार वाद झाला. शेवटचा शब्द चर्चचा की बायबलचा? रमाबाईंचं उत्तर होतं, बायबलचा. आणि ते प्रत्येकाने स्वतः वाचायचं!

पण स्वतः वाचायचं तर भाषा कळायला नको? मराठी बायबल आधीपासून होतं, मात्र मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या खेड्यातल्या बायकांना ते जड जायचं. म्हणून रमाबाई हिब्रू-ग्रीक घेऊन बसल्या. गंमत म्हणजे संस्कृतच्या या पंडितेनेच जड संस्कृत शब्द टाळून साधी मराठी निवडली. छपाईचं काम मुक्तीतल्या मुली-बायकांनी केलं.

या कामात बरीच वर्षं गेली. 1921 मध्ये मुलगी मनोरमा वारली. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिलला रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं 1924 मध्ये.